अण्णांच्या छातीतला चुगलखोर

४ फेब्रुवारी

पेटी आली! आकार साबणाच्या दोन वड्यांएवढा, तोरा मात्र नव्या जावयाचा. उशाशी ठेवा, वर काही ठेवू नका, प्लग काढू नका. अण्णांच्या छातीत गेल्या महिन्यात पेसमेकर बसवला. तो या पेटीशी बिनतारी बोलणार, पेटी हॉस्पिटलशी. म्हणजे नवऱ्याच्या हृदयाची खबर आता आईच्या आधी परक्यांना!

माहितीपुस्तिका वाचली. मग पुन्हा वाचली. घरात शाळा पुरी केलेली मी पहिली, त्यामुळे प्रत्येक कागद माझा, प्रत्येक यंत्र माझं आणि काही बिघडलं तर तेही माझंच. एका सूचनेखाली लाल रेघ मारली – वेल्डिंगपासून लांब राहा. त्या विजेने पेसमेकरचा गोंधळ उडतो आणि तो हृदयाला ठोका द्यायचं विसरतो.

अण्णांचा जन्म गेला लोखंडी दारं आणि खिडक्यांचे गज जोडण्यात. "मग आता काय, विणकाम करू?" म्हणाले. पण शब्द दिला. दुकानात नुसते बसणार, मशीनला हात लावणार नाही.

७ फेब्रुवारी

आई पेटीशी बोलते! संध्याकाळी हात पुसून समोर बसते. "डॉक्टरसाहेब, आज पुन्हा वरून मीठ घेतलं यांनी. माझं ऐकत नाहीत, तुम्हीच चार शब्द सुनवा."

समजावलं – आई, पेटीला कान नाहीत, ती फक्त ठोक्यांच्या नोंदी पाठवते.

"कान नाहीत, मग दिवा का लुकलुकतो?"

यावर पुस्तिकेत उत्तर नाही. आत्या आली होती, तिने लगे हात स्वतःचा गुडघाही पेटीच्या कानावर घातला.

१५ फेब्रुवारी

हॉस्पिटलातून फोन. नोंदी बघणारी तंत्रज्ञ, आवाज असा की मध ठिबकावा. "घाबरण्यासारखं काही नाही हं" – हे ऐकताच मी खुर्ची शोधली! मधाळबाई म्हणाल्या, नोंदीत मधूनमधून खरखर दिसते, बाहेरच्या विजेची असते तशी. "वडील वेल्डिंग करतात का?"

"करायचे."

"एकदा विचारून बघा."

विचारलं. अण्णा म्हणाले, "नाही."

"खरंच?"

"एकदा सांगितलं ना!"

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. चेहरा उजळलेला. "कालच पेटीला सांगितलं होतं, हे दुकानात जातात, नजर ठेवा म्हणून. आणि आज फोन! बघ!"

कपाळ!

२० फेब्रुवारी

अण्णांना चक्कर आली. भिंत धरून उभे. मी म्हटलं, "केलंत ना वेल्डिंग?" पाणी द्यायचं नंतर सुचलं.

२२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून थेट दुकानावर. चोरपावलांनी. स्वतःच्या बापावर पाळत! अण्णा लांब झाडूने छताची जळमटं काढत होते. मी वेल्डिंग मशीनवर हात ठेवला. गार.

"ताप बघतेस का त्याचा?" अण्णा म्हणाले. "थर्मामीटर आणायचंस."

परत येताना लाज वाटली. मग वाटलं – माझी चाहूल लागली असेल. मशीन गार व्हायला कितीसा वेळ लागतो? मला माहीत नाही. विचारायचं कोणाला, तर अण्णांनाच!

२६ फेब्रुवारी

पुन्हा फोन. खरखर चालूच. घरात पंचायत बसली. सरपंच आत्या.

"दादा, यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला काय तुझी इस्टेट हवीय?"

"जन्मभर यंत्रं वापरली मी. सगळी खोटं बोलतात. नाहीतर दुरुस्तीवाले उपाशी मेले असते."

"पण डॉक्टरांना दिसतं ना सगळं!" आई म्हणाली. तिच्या मते डॉक्टर पेटीच्या दिव्यातून बघतात. आज मी दुरुस्त केलं नाही. माझ्या बाजूने बोलत होती ना! एरवी स्वल्पविरामासाठी अडून बसणारी मी!

दुकानाची किल्ली मागून घेतली. अण्णांनी ती माझ्या हातावर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

१ मार्च

अण्णा घरी. आईला फुकटचा गडी मिळाला. "बसून गंजण्यापेक्षा कपडे वाळत घाला." गच्चीवरची दोरी उंच. अण्णा कपडेसुद्धा गजांसारखे वाळत घालतात – सगळ्यांत सारखं अंतर, एकही तिरका नाही. शेजारीण म्हणाली, "सून आणलीत की काय नवी?" अण्णा हसले. बऱ्याच दिवसांनी.

५ मार्च

खरखर वाढली! किल्ली माझ्या पर्समध्ये आणि खरखर वाढली! म्हणजे दुसरी किल्ली आहे.

"आहे तर," अण्णा म्हणाले. "शिवाय कपड्यांच्या दोरीला वेल्डिंग करतो मी. झोळ फार पडतो तिला."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं – हे इथे लिहायलाच हवं – "अण्णा, तुमच्यापेक्षा माझा त्या यंत्रावर जास्त विश्वास आहे."



अण्णा उठले, बादली उचलली आणि गच्चीवर गेले.

६ मार्च

अण्णा दोरीखाली पडले. शुद्धीवर आले लगेच, पण ओठ पांढरे. मीच फोन केला. चक्कर, पडणं, सगळं सांगितलं. मधाळबाईंचा मध एकदम आटला. "चक्कर आधीपासून येतेय? मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

कारण मला कारण माहीत होतं!

आजच घेऊन या म्हणाल्या. निघतोय.

७ मार्च

काल अण्णांना ठेवून घेतलं. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. मधाळबाईंनी अण्णांच्या छातीवर एक चपटी तबकडी ठेवली. समोरच्या पडद्यावर ठोक्यांची रांग, एकसारखी, नेटकी. मग म्हणाल्या, "डावा हात वर करा." अण्णांनी केला. पडद्यावर नुसती गिचमीड! तान्ह्या मुलाच्या हाती पेन दिल्यासारखी. अण्णांचे डोळे फिरले. "खाली! हात खाली!" – आणि रांग पुन्हा नेटकी.

त्या खोलीत वेल्डिंग मशीन नव्हतं.

"घरी हात वर करून काय काम करतात?" बाईंनी विचारलं.

"कपडे वाळत घालतात," आई म्हणाली. "मीच सांगितलं होतं."

झाडू मला आठवला. अण्णांना एक्स-रेला नेलं.

८ मार्च

पेसमेकरपासून हृदयाकडे जाणारी तार गळपट्टीच्या हाडाखाली पिचली होती. हात वर केला की तीच खरखरायची, पेसमेकरला वाटायचं हृदय स्वतःच चालतंय, आणि तो गप्प बसायचा. सकाळी तार बदलली. आता धोका नाही.

मी दारातूनच विचारलं, "अण्णा, बरं वाटतंय का?"

डोळे न उघडता म्हणाले, "मला कशाला विचारतेस? पेटीला विचार."