‘कम्पॅनियन’चं मूळ आणि शेजारची एंजेला

३ नोव्हेंबर
शेजारच्या एंजेलाशी संबंध आजपासून बंद. मी रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी चहा माझा, पाव तिचे. काल महिला संघात सगळ्यांसमोर म्हणाली, टीचर बोलायला लागल्या की चहा थंड होतो. जन्मभर इंग्लिश शिकवलं, असं कोणी बोललं नाही. निदान तोंडावर. मला सोबतीची गरज नाही.

५ नोव्हेंबर
रविवारी चर्चमध्ये प्रीतिभोजन. जेवणाआधी पाळकसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय: कम्पॅनियन. लॅटिनमध्ये ‘कोम’ म्हणजे सोबत, ‘पानिस’ म्हणजे पाव. एका पावाचे वाटेकरी ते कम्पॅनियन. आपला पावही पोर्तुगीजांमार्फत त्याच पानिसचा. त्याहून जुनं मूळ ‘पा’, म्हणजे भरवणं. ते शेवटी सांगणार. एंजेलाचा याच्याशी काही संबंध नाही. ती पहिल्या रांगेत बसते, इतकंच.

७ नोव्हेंबर
भिंगारच्या बेकरीत स्वतः जाऊन लादी आणली. एकटीला संपेना. बेकरीवाला रामहरी म्हणाला, बाई, एंजेलाबाई बी पयल्याइतकेच पाव नेत्यात की. म्हणजे हिला दुसरं कोणीतरी मिळालं! इतक्यात! भाषण दुप्पट केलं.

९ नोव्हेंबर
भाषण उत्तम चाललं होतं. लोक इतके गंभीर की मटणाच्या पातेल्यावरची नजर हलेना. पानिस संपवून घोटभर पाणी प्यायला थांबले, तर एंजेला पहिल्या रांगेतून जोरात म्हणाली, आमेन. सगळा हॉल म्हणाला, आमेन. आमच्याकडे आमेन झालं की कोणी थांबत नाही. ताटं वाजायला लागली. जुनं मूळ राहूनच गेलं. न जेवता घरी आले. ही बाई माझ्यासाठी संपली.

१० नोव्हेंबर, संध्याकाळी सहा
एंजेला दार न वाजवता आत. पिशवीत कडक झालेले पाव. म्हणाली, सवयीनं दोघींचे आणते, एकटीला संपत नाहीत. मी तिला चांगली झापणार होते, शिवाय ‘पा’ही सांगायचं होतं. त्याआधीच म्हणाली, टीचर, आधी चहा ठेवा, काल उपाशी गेलात. ठेवला. तिने पाव बुडवला आणि पहिला तुकडा माझ्या तोंडापुढे धरला.
‘पा’ आजही राहिलं. तोंडात पाव होता.
चहा मात्र गरम लागला.