दुपारनंतर मंदावणारी तार

सोमवार, ३ मार्च
पुन्हा तेच! सकाळी जंगलातल्या बाराही वनठाण्यांची पाखरं आमच्या केंद्रात धो धो येतात — म्हणजे तिथल्या माइकांनी टिपलेले त्यांचे आवाज. दुपारचे दोन वाजले की ते आणणारी इंटरनेटची तार पेंगायला लागते. फाइल उतरता उतरताच ऐकायची माझी खोड. आज सातव्या ठाण्यावर कुणीतरी शीळ घालायला लागलं आणि अर्ध्यावर थांबलं. मीही थांबले. पंखा तेवढा फिरत होता. पाच मिनिटांनी उरलेली शीळ आली. मधल्या वेळात मी कुठे होते, सांगता येत नाही. झाडाखाली असावे.
केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई दारात. "ऐकतेस की झोपतेस?" दोन्ही, म्हणणार होते. "तार मंद आहे," म्हटलं.

४ मार्च
तार सांभाळणारे वायरकाका आले. आधी स्वतःची चाचणीची पेटी भिंतीतल्या जोडणीला लावली, मग आवाज उतरवून घेणारं माझं मशीन, सर्व्हर. वहीत काहीतरी लिहिलं. चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "ठीक आहे ताई. खांबापासून सुरू करतो."

११ मार्च
काका आठवडाभर उन्हात. खिडकीतून त्यांच्या चपला दिसतात, खांबाच्या बुंध्याशी नीट जोडून ठेवलेल्या. मालक वर, चपला खाली. कितीतरी वेळ त्याच बघत बसले.
माझ्याकडे मात्र सगळं झकास! गेल्या महिन्यात बसवलेला माझा नवा प्रोग्राम दिवसभराचे सगळे आवाज मेमरीत उघडे ठेवतो. कुठलाही पक्षी मागा, टचकन हजर. बाईंना दाखवला, खूश झाल्या. "एकतीसला तुझं कायम झाल्याचं पत्र काढते." हवेतच घरी आले.

१४ मार्च
बाई म्हणाल्या, "दोन केबली बदलल्या, फरक शून्य. एक तारखेपासून तारेच्या कामाला दुसरा माणूस बघते." काका बाहेरच उभे होते. ऐकलं असणार. मला म्हणाले, "चहा घेणार का?"

रविवार, १६ मार्च
वाणसामान आलं. दारातच माझी खोकी — आत्याकडे राहायला येऊन चार महिने झाले, अजून उघडलेली नाहीत. सामानवाला एकेक पिशवी हातात देणार, मी ती ठेवायला जागा शोधणार, तो उभा. मी वैतागले, "किती हळू देता हो!" आत्या आतून ओरडली, "त्याला काय बोल लावतेस? आत ठेवायला जागा कुठंय? नाचता येईना अंगण वाकडं!"
हातातली साखर तशीच राहिली. डोक्यात सातव्या ठाण्याची शीळ.

१७ मार्च
तेच निघालं. तार नव्हे — मी! माझ्या प्रोग्रामने दुपारपर्यंत मेमरी काठोकाठ भरते. येणाऱ्या आवाजांना उतरवून घ्यायलाच जागा उरत नाही. मग मशीन पलीकडे कळवते, थोडं थोडं पाठव. आणखी थोडं. शेवटी — थांब. काही तुकडे तर दारातूनच टाकून दिलेले, ठाण्यांनी ते पुन्हा पाठवलेले. एका दुपारी एकेचाळीस हजार! पहाटे मशीन आपोआप बंद होऊन चालू होते, म्हणून सकाळी सगळं आलबेल. तार बिचारी रिकामी पडून होती.
कुणाला सांगितलं नाही.

१९ मार्च
गुपचूप दुरुस्त केलं. ऐकून झालेले आवाज प्रोग्राम आता मेमरीतून सोडून देतो. दुपारचे तीन, आणि पाखरांची नुसती झुंबड! मला वाटलं, काकांनी आजच तिसरी केबल बदललीय, श्रेय त्यांना जाईल, सुंठीवाचून खोकला गेला.
गेला कसला! बाई म्हणाल्या, "म्हणजे दोष तारेतच होता. आणि तो शोधायला या माणसाला दोन आठवडे?" काका म्हणाले, "हो बाई. उशीर झाला खरा."
मी तिथेच उभी होते. स्क्रीनकडे बघत.

२२ मार्च
नाही सांगितलं.

२४ मार्च
कानात जंगल आणि डोळ्यांसमोर त्या चपला. पानं सळसळतात, लांब कुठेतरी पाणी वाहतंय, आणि मधेच ऐकू येतं — उशीर झाला खरा. लाज वाटते. पत्रही हवंय! सहा महिने त्याच्याच स्वप्नात काढले.

गुरुवार, २७ मार्च
काका निरोपाआधी सगळ्या जोडण्या पुसत होते. जाणाऱ्या माणसाने कशाला पुसायचं? बघवेना. सरळ बाईंच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. प्रोग्राम माझा, चूक माझी, लपवलं तेही मीच. बाई म्हणाल्या, "वायरकाकांना कामावर राहू दे. तुझं पत्र सहा महिने पुढे." आवाज चढवला नाही. त्याचंच जास्त लागलं.
काकांना सांगायला धावले. वाटलं, खुलतील. तर चिडले! "घाई केलीत ताई. चार दिवस थांबायचं होतं."
लपवल्याचा राग असणार. असू दे. मला हलकं वाटतंय. कितीतरी दिवसांनी पूर्ण शीळ ऐकली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

सोमवार, ३१ मार्च
बाईंनी महिन्याच्या नोंदी संगणकात चढवायला काकांची वही माझ्याकडे पाठवली. ४ मार्चचं पान, बारीक सरळ अक्षर —
"तारेत दोष नाही. माझ्या पेटीला पूर्ण वेग, ताईंच्या मशीनला निम्मा. त्यांच्या त्या शोधतील. नवीन आहेत, कायम व्हायच्या आहेत. तोवर खांबावर वेळ काढतो."