कुरतडलेलं पायपुसणं

बाबा,

तुम्हाला उठवायचा धीर झाला नाही, म्हणून चिठ्ठी. मी कामावर जातेय. चहा थर्मासमध्ये आहे.

त्या पिल्लूवाल्याचा फोन येईल. आता म्हणे पिंजऱ्याच्या विम्याचे पैसे भरा, मगच पिल्लू गाडीत चढेल. एक छदामही पाठवू नका. काल मी त्याला म्हटलं, व्हिडिओ कॉलवर दाखव, नाहीतर आम्हीच येऊन बघतो. तेव्हापासून त्याची नुसती टाळाटाळ चाललीय. पिल्लू नाहीच आहे, बाबा.

मग मी त्यानं पाठवलेला पिल्लाचा फोटो मोठा करून पाहिला. मागे आपलंच निळं पायपुसणं आहे, ढब्बूनं कोपरा कुरतडलेलं. ढब्बू गेला तेव्हा मी त्याचे लहानपणचे फोटो नेटवर सगळ्यांना दिसतील असे टाकले होते. तुम्ही त्याला अगदी ढब्बूसारखंच कुत्र्याचं पिल्लू हवं म्हणालात, आणि त्या मेल्यानं त्यातलाच एक उचलून तुम्हाला पाठवला.

वाटी आणि गादी मांडून ठेवलीत, ती राहू द्या. संध्याकाळी दोघं मिळून उचलू.

तुम्ही म्हणत होतात ना, हे पिल्लू माझ्याकडे ओळख असल्यासारखं बघतंय. बरोबरच होतं ते. तो फोटो तुम्हीच काढला होता.