चाळीस वेलींचं पाणी

१७ जाने.
समीर पुन्हा येऊन गेला. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. पस्तिशीचा असेल. निफाडकडचा. बायकोला वाघोडियाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून दोघं बडोद्यात. आमची वाघोडिया रस्त्यावरची पाच विघे (तीनेक एकर) जमीन त्याला भाडेपट्ट्याने हवी आहे. वाइनच्या द्राक्षांसाठी! मुक्ता पुण्याहून फोनवर हसत सुटली. "आई, गुजरातमध्ये वाइन? तुला नि बाबांना पकडून नेतील."
मी त्याला हेच विचारलं. म्हणाला, "पिकवायला बंदी नाही काकू, गाळायला आहे. माल गाडीत भरायचा नि नाशिकला पाठवायचा."
उत्तर तयार होतं. जरा जास्तच तयार. बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत पाणी तपासलं. नमुना आणणारा न अडखळता बोलायला लागला की बाटलीत नळाचं पाणी आहे असं समजावं.

१९ जाने.
नवल समीरचं नाही, श्रीचं. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून नवरा शेताचं नाव काढत नव्हता. गुडघे, ऊन, ट्रॅफिक. आणि आज म्हणतो, "लावू दे की थोडी, वसू. बघू तर." चाळीस रोपं लावून बघायचं ठरलं. लेखी काही नाही.
सातबाऱ्यावर आमची दोघांची नावं आहेत. सासरे तसं करून गेले. सुनेवर विश्वास जास्त होता की मुलावर कमी, ते कधी कळलं नाही.

२ फेब्रु.
लागवड. रणछोडभाई (आमची जमीन अर्धेलीने कसतात, कपाशी नि एरंडा) बांधावर बसून बघत होते. "बेन, आ दारूनुं झाड?" समीर हसला नाही. ढेकूळ हातात चुरून वास घेत होता. खांब, तारा, ठिबकची नळी, सगळं स्वतः केलं.
औषधं किती मारणार, विचारलं. "पावसाळ्यात केवडा रोग येतो, थंडीत भुरी. मारावंच लागतं काकू. मोरचूद-चुना तर ठरलेला." हे लपवलं नाही. की विश्वास बसावा म्हणूनच सांगितलं? मोरचुदातलं तांबं मातीतून जात नाही, वर्षानुवर्षं साठतं. त्याला म्हटलं. म्हणाला, "खरंय."
पाणी मात्र कपाशीपेक्षा कमी लागेल म्हणतो. वाइनच्या वेलीला मुद्दाम तहानलेली ठेवतात, म्हणजे रस घट्ट होतो. बघू. टेपला वजन बांधून विहीर मोजली. काठापासून अकरा मीटर. वहीत लिहिलं.

२० फेब्रु.
शेजारच्या कुंपणापलीकडे बंगल्यांची स्कीम चालू आहे. घरं नाहीत, पण गेट झालं. गेटवर प्लास्टरचे दोन घोडे. रस्ता एवढा रुंद की आमच्या बांधाला पोटात घेतो की काय असं वाटतं.
आज दिसलं, त्यांनी कांस बुजवली आहे. पावसाचं पाणी नदीकडे नेणारी ती जुनी चारी, आमच्या हद्दीपर्यंत आहे, पुढे डबर. पाणीगेटला आमच्या घराच्या गल्लीत गेल्या पुराच्या वेळी कमरेएवढं पाणी होतं. फ्रीज तरंगत होता. आता ही एक वाट बंद झाली. त्यांच्या सुपरवायझरला विचारलं, "पाणी जाणार कुठून?" म्हणे, "बेन, प्लानमां बधुं छे." सगळं आहे ना, मग प्लान दाखवा म्हटलं, तर साहेब बाहेर गेलेत.

६ मार्च
विहीर साडेबारा मीटर. मार्चमध्ये पाणी उतरतंच. पण दीड मीटर?
श्रीला सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता, "नाशिकवाले पाणी ओढण्यात पटाईत. तू लक्ष ठेव हां." जानेवारीत लावू दे म्हणणारा हाच.
पण मनात बसलं.

२१ मार्च
पंधरा मीटर. पलीकडच्या शेतातली विहीर हातभरच उतरली आहे, तीही मोजली. म्हणजे जमिनीतलं पाणी आटत नाहीये. आमच्याच विहिरीतून कोणी उपसतंय. रणछोडभाईंची कपाशी निघून गेली, एरंड्याला ते पाणी देत नाहीत. राहिला कोण?
वेली छान लागल्यात. गुडघ्याच्या वर. इतक्या हिरव्या की रागच आला.

२८ मार्च
बोलले. शेतात, उभ्याउभ्या. "चाळीस रोपांना एवढं पाणी? का टँकर भरून विकतोस?"
समीरचा चेहरा... आधी त्याला कळलंच नाही. मग ठिबकचं तोंड काढून माझ्यासमोर बादलीत धरलं. "काकू, सगळ्यांना मिळून दिवसाला चार बादल्या. मोजा. तुम्हाला मोजायला आवडतं ना."
शेवटचं वाक्य लागलं. तरी म्हटलं, "आज चार. मी नसताना?"
म्हणाला, "मग काही बोलणंच नको."
वाघोडियाच्या कारखान्यातल्या एका बाईकडून ऐकलं होतं की नाशिकच्या वाइनरीतून त्याला काढलं. त्याने मला सांगितलं होतं, सोडलं. तेही तोंडावर फेकलं.
घरी येऊन श्रीला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस."

३१ मार्च
ठिबकची नळी गुंडाळून घेऊन गेला. मोटरची किल्ली रणछोडभाईंकडे दिली. वेली ठेवल्या. मुक्ता म्हणते, "आई, तू पुरावा बघितलास की माणूस?" तिला काय कळतंय इतक्या लांबून.

६ एप्रिल
साडेसोळा. समीर जाऊन आठवडा झाला. साडेसोळा.

७ एप्रिल
सकाळी सातलाच शेतावर. श्रीला देवळात जाते म्हणून सांगितलं. खोटं बोलले, पण पुढे जे दिसलं त्यानंतर त्याला फार किंमत राहिली नाही.
वाळक्या एरंड्याच्या काड्यांचा ढीग विहिरीमागे. त्याच्याखाली काळा पाइप, मनगटाएवढा. कुंपणाखालून शेजारच्या स्कीममध्ये. तिथे सिमेंटची टाकी, मजूर आंघोळ करत होते, काँक्रीटचं मशीन फिरत होतं.
रणछोडभाई आले. माझ्याकडे बघेनात. "बेन, साहेबे कह्युं'तुं. पाणी आपजो, बेनने कहेता नहीं."
साहेब म्हणजे श्री. पाणी द्या, मला सांगू नका.
बांधावर बसले. रणछोडभाईंनी पाण्याचा लोटा आणून दिला. त्याच विहिरीचं. प्यायले.

७ एप्रिल, दुपार
जेवताना विचारलं. श्री म्हणाला, "थोडं पाणी दिलं तर काय बिघडलं? शेजारधर्म." वरण वाढून घेतलं.
साडेपाच मीटर म्हणजे थोडं? "अरे, उन्हाळा आहे वसू."
तो ताट न धुता उठला. रोज धुतो.

१० एप्रिल
त्याने स्वतःच आणून टेबलावर ठेवलं. बानाखत. शेजारच्याच बिल्डरशी जमीन विकायचा करार, बाना (इसार) घेतलेला, दस्त जूनमध्ये करायचा. श्रीची सही आहे. माझ्या नावापुढची जागा रिकामी.
तारीख वाचली. डिसेंबर. समीर आमच्याकडे पहिल्यांदा आला त्याच्याही आधी.
"मग त्या मुलाला वेली कशाला लावू दिल्यास?"
बराच वेळ चष्मा पुसत बसला. "तू सारखी शेतावर जायचीस. सर्व्हे करायला माणसं यायची, तू विचारत बसली असतीस. तुला बघायला काहीतरी हवं होतं."
"आणि पाणी तो ओढतोय असं मला का वाटू दिलंस?"
"मी कुठे म्हटलं? लक्ष ठेव म्हटलं. तू संशय घेणार हे मला माहीत होतं. तू सगळ्यांवरच घेतेस."
एकतीस वर्षांच्या संसारात एवढं खरं बोलला नसेल.

१३ एप्रिल
समीरला फोन केला. वाटलं उचलणार नाही. सयाजीगंजला स्टेशनसमोर भेटायला आला. सेव-उसळ मागवली, दोघांनीही नीट खाल्ली नाही. मी माफी मागितली. कशी मागायची ते जमलं नाही, म्हटलं, "माझं मोजमाप बरोबर होतं, माणूस चुकला."
तो म्हणाला, "काढलंच होतं मला वाइनरीतून. तुम्ही म्हणालात ते खोटं नव्हतं." मग सांगितलं. नाशिक वाढत वाढत त्यांच्या घरच्या, भावंडांच्या सामाईक बागेपर्यंत आलं. आजूबाजूला प्लॉट पडले. लोक राहायला आले नि फवारणीच्या वासाच्या तक्रारी करायला लागले. त्यांचंही चूक नाही, लहान मुलं होती घरात. वेली काढायची वेळ आली तेव्हा त्याने कामावर जाणंच सोडलं, म्हणून काढलं.
"बाग भावाने विकली?" मी विचारलं.
"सगळ्यांनी. सही मीही केली, काकू. कोणी धरून आणलं नव्हतं."
बागेत सोळा बायका छाटणीला यायच्या, म्हणाला. त्यातल्या दोघी आता तिथल्याच फ्लॅटमध्ये भांडी घासतात. बाकीच्यांचं माहीत नाही.
परत येशील का, विचारलं. म्हणाला, "तुमची जमीन राहणार आहे का ते आधी सांगा."
खोटं वाटलं नाही काही. पण मला आता माझ्याच वाटण्याचा भरवसा नाही.

२२ एप्रिल
श्रीची बाजूही लिहायला हवी. नाहीतर ही वही म्हणजे माझंच वकीलपत्र.
तो म्हणतो: मुक्ता परत येणार नाही. रणछोडभाई सत्तरीला टेकले. उद्या सरकारी टी.पी. (नगररचना) स्कीम लागली तर जमिनीचा मोठा तुकडा तसाही रस्त्यात जाईल. "आणि तुझी द्राक्षं म्हणजे काय पुण्यकर्म? विष फवारायचं आपल्या मातीत, दारू प्यायची मुंबईने." यातलं एकही वाक्य मला खोडता आलं नाही. तांब्याचं तर मीच सांगितलं होतं.
पण कांस बुजवली त्याचं काय, म्हटलं. "ते आपल्या हातात नाही."
पाच विघे उघडी माती पाणी पिते. फरशी पीत नाही. एवढं तर आपल्या हातात आहे? हे फक्त वहीत लिहिते.

२९ एप्रिल
रणछोडभाईंचा धाकटा मुलगा स्कीमच्या गेटवर वॉचमन लागला आहे. निळा गणवेश, शिट्टी. सलाम केला मला. "आंटी, अंदर आके देखो, सॅम्पल घर तैयार है।" माझ्याशी लहानपणापासून गुजरातीत बोलणारा मुलगा.
रणछोडभाईंना विचारलं, जमीन गेली तर तुम्ही काय कराल? म्हणाले, "छोकरो छे ने गेट पर." हसले. हसण्याचा अर्थ लागला नाही.
पाइप काढलेला दिसला. श्रीने काढायला सांगितला असेल, किंवा त्यांचा बोअर झाला असेल. विचारलं नाही. विहीर मोजली नाही.

८ मे
बेचाळीस डिग्री. वेलींना रणछोडभाई पाणी घालतात, बादलीने. मी सांगितलं नव्हतं. सहा वाळल्या, बाकीच्या आहेत.
बिल्डरकडून माणूस आला होता. अत्यंत नम्र. माझ्यासाठी मिठाई. म्हणाला, "मॅडम, आप क्लबहाउस के पास एक गार्डन का सुझाव दीजिए, आपके ससुरजी का नाम रखेंगे।" सासऱ्यांना बागेची आवड नव्हती. श्रीने मिठाई आत नेऊन ठेवली. अजून कोणी उघडली नाही.

१५ मे
वकिलाकडे गेले होते, श्रीला न सांगता. हेही आता सवयीचं होतंय. वकील म्हणाल्या, तुमची सही नसेल तर तुमचा हिस्सा कोणी घेऊ शकत नाही. पण साहेबांनी बाना घेतलाय, ते अडकतील. कोर्टात जाऊ शकतं. "नवरा-बायकोच्या मधे येत नाही मी. पण तुम्ही दोघांनी एकदा बसा."
बाहेर आले तर रिक्षावाला म्हणाला, "क्यां जवुं छे, माजी?" आधी वाघोडिया रस्ता म्हटलं, मग पाणीगेट.

१८ मे
समीरचा मेसेज. छोटा उदेपूरकडे कोणीतरी जमीन दाखवतंय, जूनपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. "तुमच्यावर दबाव नाही काकू." दबाव नाही असं लिहिणं हाच दबाव, हे मी ओळखते. आणि तरीही वाटतं की त्याला तसं म्हणायचं नसेल.

२४ मे
सकाळी चहाला दोघंच. दस्ताची तारीख ठरली आहे, श्रीने कॅलेंडरवर काही लिहिलं नाही, पण रोज त्या चौकोनाकडे बघतो. पंखा चालू, तरी घाम.
"काय ठरवलंस?"
"तुला काय वाटतं, काय ठरवलं असेल?"
त्याने कप खाली ठेवला. नेहमी याचं उत्तर त्याच्याकडे असतं. बायको काय करेल, कुठे चिडेल, कशावर विश्वास ठेवेल, सगळं. आज माझ्याकडे बघत राहिला. म्हातारा दिसला. घाबरलेलाही.
"नाही सांगता येत, वसू."
या वर्षात त्याचं पहिलंच वाक्य, जे मी तपासायला गेले नाही.
चहा परत गरम करून आणला. दोघांचाही.