पेंढ्याचं रेडकू

सुकापूर, नवीन पनवेल
६ जानेवारी २०२५

चि. सौ. रेवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून तुझ्या बाबांनी फर्मान काढलंय की मायलेकींनी आता पत्रंच लिहायची. लिहिताना तरी मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणाले. पाकिटं, तिकिटं तेच घेऊन आले. तेव्हा वाच.

तुला सहावा लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच, यात वाद नाही. दिवाळीत मी खिरीची वाटी पुढे केली, तू परत सरकवलीस, आणि मी नको ते बोलले. बत्तीस वर्षं शाळेत शिवणकाम शिकवून जीभही सुईसारखी झाली असेल. पण पोटुशी बाई दूध-तूप सोडते म्हणजे काय गं? दोन वर्षं तुझी थेरं मुकाट्याने पाहिली. माझ्याकडे आलीस की रोज पेलाभर दूध पिशील एवढं कबूल कर, म्हणजे मी डिंकाच्या लाडवांच्या तयारीला लागते.

इकडची गंमत. आपल्या इमारतीमागे काशिरामचा गोठा आहे ना, जिथून आपलं दूध येतं, त्याची बायको चंद्रावती परवा आली. बाई, तुमचा हात बारीक हाय, एवढं शिवून द्या, म्हणाली. काय, तर मेलेलं रेडकू! कातडं वाळवलेलं, आत पेंढा कोंबायचा आणि पोट शिवायचं. ते पुढ्यात ठेवलं की म्हैस चाटते आणि पान्हा सोडते, नाहीतर दूध चोरते. आधी शिसारी आली. मग म्हटलं, अडलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? दाभण-सुतळी घेऊन बसले आणि असे टाके घातले की काशिराम म्हणाला, जितं वाटतंय. खरं सांगू? मला अभिमान वाटला. डोळ्यांच्या जागी माझ्या डब्यातली दोन तपकिरी बटणंही लावली. हसू नकोस.

तुझ्या काकूंचा बाळ करंज्याहून सुकट घेऊन आला होता. घरभर वास.

माया तेवढीच आहे, फक्त आवाज चढला होता. तो विसर आणि ये.

तुझी आई,
अरुंधती


नाशिक
१५ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. एकदा भांडायला आणि एकदा त्या बटणांसाठी. हसू आलं नाही, आई. ते रेडकू मेलं कशाने, हे विचारलंस का तू? नर होतं का?

दूध मी कुणावर रागावून सोडलं नाही. बँकेच्या कामासाठी एका डेअरीवर गेले होते. आईपासून दोन हातांवर बांधलेलं एक वासरू तिच्याकडे ओढ घेत होतं, दोर गळ्यात रुतला तरी. घरी येऊन चहा ठेवला आणि दूध ओतवेना. एवढंच झालं. व्याख्यान देण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आमच्या डॉक्टरीणबाईंना सगळं ठाऊक आहे. रक्त तपासलं, गोळ्या वेळेवर घेते. सकाळी नारळाच्या दुधातली नाचणीची पेज, दुपारी भाकरी, मेथी, डाळ, तिळाची चटणी. तुझ्या आमटीत, पिठल्यात, थालीपिठात दूध कुठे असतं, सांग बरं? माझं ताट तुझंच आहे गं, मी फक्त एक वाटी सरकवली. आणि हे दिवस पोपटीचे. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, वर भांबुर्ड्याचा पाला. अंडी-कोंबडीवाचून करणार असलीस तर मी मडकंही चाटीन.

पण पेल्याची अट असेल तर मी इथेच बाळंत होईन. रोजची भांडणं पोटातल्याला ऐकवायची नाहीत मला.

आणि इंद्रजीतदादाला बाळ म्हणणं आता पुरे! चव्वेचाळिसावं लागलं, टक्कल पडलं. एवढ्या मोठ्या पुतण्याला बाळ म्हणणारी पनवेलात तू एकटीच. त्याला नाव नाही का?

लोभ मागत नाही, तो हक्काचाच आहे. अट तेवढी मागे घे.

रेवा


सुकापूर
२९ जानेवारी २०२५

चि. सौ. रेवास,
अनेक आशीर्वाद.

विचारलं मी चंद्रावतीला. नर होतं. अकरा दिवस जगलं. रेड्याला दूध पाजून करायचं काय, असं ती अगदी सरळ म्हणाली. वाईट बाई नाही गं ती. शेवटी शेवटी त्याच्या तोंडात पाणी घालत बसली होती.

म्हशीने चाटून चाटून माझे टाके उसवले. पुन्हा शिवायला माझ्याकडेच आणलं. कातडं तिच्या जिभेने ओलं होतं आणि उन्हात ठेवल्यामुळे कोमट. रेवा, मी मेलेलं काही हातात धरलंय असं वाटेचना. दाभण खाली ठेवली. मग उचलली आणि शिवून दिलं. का दिलं, देव जाणे.

तेव्हापासून ती म्हैस हंबरलेली मला ऐकू येते. मिक्सर चालू असताना, आंघोळीच्या पाण्याच्या आवाजात, भर दुपारी रिक्षांच्या गोंगाटात. तुझ्या बाबांना म्हटलं, ऐका. ते खिडकीशी उभे राहिले, म्हणाले, कुठे काय? मग स्वतः खाली जाऊन पाहून आले. म्हैस रवंथ करत बसली होती, सकाळपासून तिने हूं केलं नाही, असं काशिराम म्हणाला. मग मला ऐकू येतं ते कुणाचं?

हात तीनतीनदा धुते, वास जात नाही. चहा सोडलाय. पित्त झालंय असं सांगितलंय यांना. दूध फ्रिजमध्ये नासतं, मी गुपचूप मोरीत ओतते.

काल आठवलं, ती दोन बटणं डब्यात कुठून आली होती ते. ते आत्ता लिहीत नाही.

पेल्याची अट सोडली. पण आत्ता येऊ नकोस. माझं मन थाऱ्यावर नाही.

जपून राहा. माझी काळजी करू नकोस, म्हणजे थोडीच कर.

आई


नाशिक
६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा फोन आला होता. तू तासन्‌तास खिडकीशी उभी असतेस म्हणे. ते उगाच हवापाण्याचं बोलत होते.

पेल्याची अट होती तेव्हा बोलवत होतीस, आता अट सोडलीस तर येऊही नको म्हणतेस. मी भांडणाला तयार होते गं, याला नव्हते. माझ्यावरचा राग असेल तर सांगून टाक. दुसरं काही असेल तर तेही सांग. तुझी मुलगी लहान राहिलेली नाही, पोट बघ माझं.

उत्तर आलं नाही तर जशी आहे तशी बसमध्ये बसेन.

तुझीच हट्टी,
रेवा


सुकापूर
१५ फेब्रुवारी २०२५

चि. रेवा,
आशीर्वाद.

बसमध्ये बसू नकोस. सांगते.

सोमवारी चंद्रावती पुन्हा आली. दुसरी म्हैस व्यालीय. बाई, दाभण काढून ठेवा, आठ दिसांनी लागंल, हा पन नर हाय, जगायचा नाय, म्हणाली. मी विचारलं, मेलं का? नाय, अजून उभा हाय की, म्हणाली. अगं, तो जिवंत होता आणि त्याचं शिवण माझ्याकडे सांगून ठेवायला ती आली होती! माझ्या हाताची कीर्ती!

मी तिला आत बसवलं. मग जे तुझ्या बाबांशीही कधी धड बोलले नाही, ते त्या बाईपाशी बोलले. आता तुला लिहिते.

तुझ्या आधी नऊ वर्षं मला मुलगा झाला होता. नवव्या दिवशी गेला. बारसंही झालं नव्हतं, म्हणून घरात कुणी त्याचा उल्लेख केला नाही, जणू कुणी आलंच नव्हतं. पण अंगाला कोण सांगणार? छाती दगड झाली, ताप चढला. तुझी काकू त्याच आठवड्यात बाळंत झाली होती, तिला दूध कमी. सासूबाईंनी तिचं पोर आणून माझ्या मांडीवर ठेवलं. कुणी वाईट केलं नाही गं. त्याची भूक भागली, माझी कळ थांबली. सहा महिने पाजलं मी त्याला.

म्हशीला काय कळतं, ती फसते, असं सगळे म्हणतात. रेवा, ती फसत नाही. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हा माझा नाही. त्याचा वास वेगळा होता. तरी पान्हा फुटला. जवळ काही नसण्यापेक्षा ते बरं, म्हणून ती चाटते.

आणि बटणं. माझ्या मुलासाठी विणलेल्या स्वेटरची होती ती. स्वेटर कधीच कुणाला देऊन टाकला, बटणं काढून ठेवली होती. त्रेचाळीस वर्षांनी मी ती स्वतःच्या हाताने त्या कातड्यावर लावली आणि माझ्या लक्षातही आलं नाही. मी त्याला विसरलेय असं वाटलं मला. म्हणून ते हंबरणं ऐकू येत असेल.

डोळे पुसून चंद्रावतीबरोबर गोठ्यात गेले. काशिरामला म्हटलं, माझ्या वाट्याचं एक लिटर आजपासून काढायचंच नाही. ते सडात राहू दे, ते याचं. तो हसला. रेडा वाढवून काय करू, बाई, म्हणाला. मी म्हटलं, आधी जगू तर दे मेल्याला, मग बघू.  चंद्रावतीने रेडकाचा दोर सोडला.

सकाळ-संध्याकाळ मी तिथे जाऊन उभी राहते. पितो. पाय अजून लटपटतात.

वाचून टाकून देऊ नकोस हे पत्र. माझं एवढंच लिहिलेलं आहे त्याच्याबद्दल.

आई


नाशिक
२४ फेब्रुवारी २०२५

आई,
नमस्कार, आणि आज त्यापुढे ती नेहमीची ‘शि. सा.’ची अक्षरं नकोत.

किती रडले ते लिहीत नाही. दोन वर्षं तुला दूध म्हणजे काय ते समजावत होते मी. तुला!

मी येते. रविवारी निघते, मला कुणी अडवायचं नाही. नाचणी आणि नारळ एवढंच आणून ठेव, बाकी तू करशील ते खाईन. त्या गोठ्यात मीही येणार आहे.

एक विचारू? बारसं झालं नाही म्हणतेस. पण तू नाव मनात ठरवलं असशीलच. काय होतं माझ्या दादाचं नाव?

रेवा


सुकापूर
२८ फेब्रुवारी २०२५

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आधी पोचेल की तू आधी, ठाऊक नाही, पण हे तोंडाने सांगता येणार नाही.

रेडकू काल दावं तोडून गोठाभर पळालं. चंद्रावतीच्या भावाला, बुधाजीला, भाताच्या नांगराला रेडा हवाय, तो न्यायला तयार आहे. नांगराला का होईना, जगेल. पहिल्या म्हशीपुढचं पेंढ्याचं रेडकू तिथेच आहे. ते काढून घ्यायला माझं मन धजत नाही, तिला तेवढंच आहे. बटणं मात्र काढून आणली. हंबरणं अजून ऐकू येतं. मी कान झाकत नाही आता.

नाव विचारलंस. नाव मी ठरवलं होतं, घरात सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं. तो गेला. पुढच्या आठवड्यात काकूंच्या मुलाचं बारसं होतं. एवढं चांगलं नाव वाया कशाला घालवायचं, असं सासूबाई म्हणाल्या, आणि तेच त्याच्या कानात सांगितलं. गुणी मुलगा आहे गं तो, त्याचा काय दोष? पण माझ्या मुलाचं होतं तेवढं एकच त्याच्या अंगावर चढवलं, आणि माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. म्हणून बाळ.

रविवारी गाडी घेऊन तोच येईल तुला न्यायला. आज फोनवर मी त्याला म्हटलं, इंद्रजीत, रेवाला सांभाळून आण रे.  तर घाबरून त्याने विचारलं, काकू, तू बरी आहेस ना?

वाट पाहते.

तुम्हा दोघांची आई,
अरुंधती