तोच गाळ

४ तारीख, सोमवार

आणि दादा म्हणतो, मी कुठेच टिकत नाही. बेकरी सोडली, गॅरेज सोडलं, मान्य. पण तिथे काय सोनं उगवत होतं? आता येऊन बघ म्हणावं. पक्की खोली, लोखंडी खाट, गमबूट नवेकोरे! माझ्या नावावर मुकादमाकडून बावीस हजारांची उचल घेऊन बसलाय आणि वर मलाच अक्कल शिकवतो. मी पळालो तर उचल फेडायला धाकट्याला धाडायचं, हेही ठरवून मोकळा. धाकटा अजून शाळेत आहे, त्याचं काय?

जाऊ दे. काम सोपं आहे. कोळशासाठी खणून काढलेल्या मातीचा इथे डोंगर झालाय. पाऊस आला की माती वाहून चरात उतरते. पाणी दमानं यावं म्हणून चरात जागोजागी दगडांचे बांध. खाली तळं. तिथे गाळ बसतो, वरचं नितळ पाणी पाइपातून नदीला जातं. गाळ उपसायचा मी आणि पंपवाल्यानं. हा पंपवाला दिवसभर गुळण्या करतो म्हणून त्याचं नावच गुळण्या. म्हणाला, तोंडात कचकच राहते, तुलाही होईल सवय. मला हसूच आलं.

९ तारीख, शनिवार

उपसलेला गाळ डोंगरामागच्या खड्ड्यात टाकायचा असा नियम आहे. केवढा वळसा! गुळण्या म्हणाला, शहाण्या, चराच्या वरच ओत की, मुकादम खेपा बघतो, खड्डा कोण बघतो? ओतला. दुपारी पाऊस झाला आणि सगळा गाळ परत तळ्यात. म्हणजे आम्ही तोच गाळ उपसतोय, पुन्हा पुन्हा. गुळण्या म्हणे, काम संपलं तर पगार तुझा सासरा देईल का?

१३ तारीख, बुधवार

फावड्याला गमबूट लागला. एकच, डावा. माझ्या जागी आधी एक पोरगा होता, तो पळाला असं मुकादम सांगतो. एक बूट टाकून कोण पळतं? गुळण्याला विचारलं तर त्यानं तोंडात पाणी घेतलं. बूट गाळाबरोबर वर ओतून दिला.

१५ तारीख, शुक्रवार

बूट तळ्यात परत आलाय. पाऊस नाही. चर कोरडा ठणठणीत.

जड लागला म्हणून उपडा केला. गाळाबरोबर पायाची नखं पडली.

मग गुळण्या बोलला. तो पोरगा घसरून तळ्यात गेला. मुकादमानं शोधायला कोणाला उतरवलंच नाही. म्हणाला, गाळ उपसताना निघेल. गुळण्यानंच उपसला, डोळे मिटून, आणि नेहमीसारखा चराच्या वर ओतला. तेव्हापासून तो थोडा थोडा खाली येतो म्हणे, आणि आपणच त्याला परत वर नेतो.

१८ तारीख, सोमवार

चरात पावलं उमटलीत. एक बुटाचं, एक अनवाणी. बांध ओलांडून थेट आमच्या खोलीकडे. माझ्या खाटेवर ओला गाळ, कोणी बसून उठल्यासारखा.

दादाला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाला, झालं सुरू? बेकरीत दमा, गॅरेजात डोकेदुखी, आता भूत. नाचता येईना अंगण वाकडं. तू खुशाल ये, धाकट्याची पिशवी भरून ठेवलीय.

म्हणजे मी सुटलो की धाकटा या खाटेवर.

२० तारीख, बुधवार

दोन दिवस सगळा गाळ खऱ्या खड्ड्यात नेला. वळसा घालून. हात फुटले. म्हटलं आता तरी गप पडेल बिचारा. आज तळं पुन्हा तुडुंब.

गुळण्या नाही. मुकादम म्हणतो पळाला. त्याचे दोन्ही बूट दारात आहेत —

२१ तारीख, गुरुवार

पाऊस. पाइप तुंबला. भर दुपारी पाइपाच्या आतून आवाज — कोणीतरी गुळण्या करतंय —

माझ्याही तोंडात कचकच. थुंकलो. काळं.

शुक्रवार

पाणी काठाला आलं. कोणीतरी दोर बांधून उतरा, पाइपाचं तोंड मोकळं करा, मुकादम ओरडतोय. काळं पाणी नदीत गेलं तर त्याची नोकरी जाईल. खाणीवरचे मजूर जमलेत, पण सगळे मागे सरकतायत. मला म्हणाला, तुझा धाकटा अंगानं बारीक आहे ना, पाइपात सहज शिरेल, त्याला बोलावतो —

मी म्हटलं, मी उतरतो. पैसे आधी. दिले त्यानं, फोनवर.

दादा, उचल फिटते यात, तू घेतलीस, तूच मुकादमाला परत कर. एक पैसा राहत नाही. धाकट्याची पिशवी रिकामी कर. या वेळी तरी ऐक रे —

दोर बांधतायत. कमरेला गाठ मारणारा हात — ओला — याला नखंच नाहीत —

पाठवतोय दादा, पुरे बावीस हजार