बुटातल्या पावाच्या पिशव्या

तीर्थरूप आउनेताईस,

धाकट्या विल्होचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हटलं तरी सहाच अंगांचा समज. दोन पाय सध्या कोमट पाण्याच्या बादलीत आहेत.) तुझ्या गुडघ्यांना तुर्कूचा हिवाळा मानवला का? भाऊजींचा खोकला काय म्हणतो? आमच्याकडे उत्तरेत सूर्य खाडीच्या काठावर हजेरी लावतो आणि तोंड लपवून निघून जातो. सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर थकलोय गं ताई. आणि थकलोय तो माझ्याच तोंडामुळे.

तुला आपली कुइवारांताची सायकलवाट आठवत असेल. गावातून निघून खाडीच्या कडेकडेने शहरात जाते ती. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांना हिवाळ्यात तोच एक रस्ता: दवाखान्यातल्या सफाईवाल्या बायका, लाकडाच्या गिरणीतले कामगार, अंडी विकणारी म्हातारी इंपी. यंदा पानगळीच्या सुमारास नगरपालिकेत टूम निघाली की त्या वाटेवरचा बर्फ काढणं थांबवावं. टूम काढणारा रूस्कानेन, मोटारींच्या दुकानाचा मालक. (त्याला गाव दिसतं ते मोटारीच्या काचेतून, आणि ती काचही त्याची बायकोच खरवडून देते.) भर सभेत तो म्हणाला, ‘‘अहो, थंडीत सायकलवर जातं कोण? पाय गोठतात माणसाचे. कुणासाठी काढायचा बर्फ? सशांसाठी?’’

मी उठलो. ताई, मी उठायला नको होतं, पण अन्याय समोर बसलेला दिसला की माझे गुडघे आपोआप सरळ होतात. मी म्हणालो, ‘‘ज्यांचे विचार गोठलेत त्यांचेच पाय गोठतात! एक जोड लोकरीचे मोजे आणि साधे बूट, एवढ्यावर मी सबंध हिवाळा याच वाटेवरून सायकलने येईन. मग ठरवा, वाट कुणासाठी ते!’’ सभागृह दणाणलं. (म्हणजे चारपाच जण खाकरले. आमच्याकडचा दणदणाट तेवढाच असतो.) निर्णय फेब्रुवारीच्या सभेवर गेला. घरी येताना साइमी एवढंच म्हणाली, ‘‘एक जोड? बोलायचंच होतं तर निदान दोन म्हणायचं. जीभ गरम तुमची, आणि बर्फाचे पाय लागतात ते माझ्या पोटऱ्यांना.’’

बायको द्रष्टी असणं हे नवऱ्याचं मोठं दुर्दैव. थंडी पडली आणि मी शहरात बूट घ्यायला गेलो. दुकानदाराने शर्यतवाल्यांचे बूट दिले, तळाला लोखंडी पट्टी, पेडलला खट्‌कन अडकणारी. म्हणाला, मास्तर, वाऱ्यासारखे जाल. वाऱ्यासारखा गेलो, आणि वाऱ्यासारखाच थंड झालो. पेडल लोखंडाचं, पट्टी लोखंडाची. सगळ्या खाडीची थंडी त्या वाटेने थेट माझ्या तळव्यात उतरली. शिवाय शहराच्या चौकात थांबायचं होतं तेव्हा पाय सुटेना, आणि मी पाद्रीबाईंच्या पुढ्यात सायकलसकट आडवा झालो. त्यांना वाटलं, मी अखेर देवाकडे वळलो.

मग बाबांचे सैन्यातले बूट काढले. आत तीन जोड मोजे कोंबले, कारण जास्त लोकर म्हणजे जास्त ऊब असं मला वाटलं. (इतिहासाचा शिक्षक. कोंडलेली प्रजा काय करते हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं.) बुटात बोटांना हलायला जागाच उरली नाही, रक्ताने खाली यायला नकार दिला, आणि अर्ध्या वाटेत माझी बोटं दुसऱ्याच कुणाची तरी झाली. त्यानंतर रबरी बूट आणले. त्यात ऊब भरपूर, पण घामाला बाहेर जायला दार नाही. जाताना पाय उकडले, आणि परतताना तोच घाम गोठला. शेवटी शेजारच्या तोइवोने त्याच्या आजोबांचे नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे बूट दिले, गुडघ्यापर्यंत येणारे, भट्टीसारखे ऊबदार. पण ते इतके रुंद की पेडलवर मावेनात. उतारावर उजवा पाय घसरला, सायकल डावीकडे गेली, मी उजवीकडे गेलो, आणि बर्फाच्या ढिगातून वर आलो तेव्हा तोइवो काठावर उभा होता. ‘‘मास्तर, बूट ओले केले नाहीत ना?’’ त्याने विचारलं. माझी चौकशी त्याने केली नाही.

अखेर जे जमलं ते असं: एका मापाने मोठे जाड बूट, तळाला नमदा, एक जोड लोकरीचे मोजे, त्यावर पावाची प्लास्टिकची पिशवी वारा अडवायला, त्यावर साइमीच्या मेंढीच्या कातड्याच्या जुन्या बंडीचे कापलेले तुकडे, आणि उरलेल्या पोकळीत वर्तमानपत्र. (विरोधी पक्षाचं. त्यात गरम हवा जास्त असते.) बाहेरून बघणाऱ्याला मात्र एक साधा बूट आणि त्याच्या तोंडातून डोकावणारा एकच लोकरी काठ दिसायचा. गाव कौतुक करायचं. लोक म्हणायचे, मास्तरांचं रक्तच वेगळं. मी नाही म्हणालो नाही.

आता फेब्रुवारीची सभा. नगरपालिकेच्या सभागृहाची भट्टी बिघडली म्हणून सभा आमच्या गावच्या शाळेत ठेवली. खाडी पांढरीशुभ्र, पापण्यांवर बर्फ, आणि मी सायकलवरून असा आलो की जणू सेनापती. दारातच म्हातारी इंपी भेटली. म्हणाली, ‘‘मास्तर, आज वाट राखा हो. माझ्या अंड्यांना दुसरा रस्ता नाही.’’ माझी छाती भरून आली. मनात भाषणाचं पहिलं वाक्य घोळवत मी शाळेचा उंबरठा ओलांडला आणि जन्मभर जे करत आलो तेच केलं: वाकलो, बूट काढले, रांगेत लावले, आणि आत गेलो.

ताई, आपल्या माणसाला दुसऱ्याच्या घरात किंवा शाळेत बूट घालून जा म्हटलं तर तो मरेल, पण जाणार नाही. आईने हाताला लावलेलं वळण ते. डोक्यात भाषण होतं, हातांनी आपलं काम केलं. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा चुर्र झालं. दुसरं टाकलं, चुर्र. मला वाटलं, कुणी तरी खाऊची पुडी सोडतंय. व्यासपीठापर्यंत पोचलो तेव्हा सगळी सभा माझ्या पायांकडे बघत होती, आणि मीही खाली बघितलं. दोन्ही पायांवर पावाच्या पिशव्या, घोट्याशी सुतळीने बांधलेल्या, त्यावर बेकरीचा हसरा कोंबडा. मेंढीची लोकर चारी बाजूंनी लोंबत होती. मागे दारापासून वर्तमानपत्राचे तुकडे पडत आले होते. रूस्कानेनने त्यातला एक उचलला, उलगडला, आणि वाचला. त्यात त्याचंच भाषण होतं.

‘‘एक जोड मोजे,’’ तो म्हणाला. मग तो तुकडा घडी करून त्याने खिशात ठेवला.

मी व्यासपीठावर एका पायाने दुसऱ्या पायावरचा कोंबडा झाकायला लागलो. वाट गेली असं वाटलं, इंपीची अंडी गेली, आणि सगळं माझ्या फुशारकीपायी गेलं. तेवढ्यात मागून इंपीचाच आवाज आला, ‘‘मास्तर, ती राय पावाची पिशवी का? ती फाटते हो. मी दुधाची घेते.’’ दवाखान्यातली एक बाई म्हणाली, ‘‘मी तर नवऱ्याच्या टोपीचे कान कापून बोटांवर चढवलेत. तो अजून टोपी शोधतोय.’’ नवरा शेजारीच बसला होता. गिरणीतला एक जण उठला (हा माणूस लग्नातसुद्धा मान हलवूनच हो म्हणाला होता) आणि त्याने मोजा काढून आतली भुर्जाची साल दाखवली. मग काय विचारतेस! जी माणसं घर पेटलं तर शेजाऱ्याला चिठ्ठी लिहितील, ती एकमेकांना पाय दाखवायला लागली. कुणाच्या बुटात गवत, कुणाच्या रेनडिअरचं कातडं, कुणाच्या सासूचा मफलर. शेवटी नगराध्यक्षबाई म्हणाल्या, ‘‘एवढा खटाटोप करून जर इतकी माणसं त्या वाटेने जातात, तर ती वाट वापरात नाही असं कोण म्हणेल?’’ वाट वाचली. माझं भाषण कुणी ऐकलंच नाही. कॉफी आणि वेलचीचे पाव वाटले गेले, आणि सगळे पुन्हा गप्प झाले.

पण रूस्कानेन हरून घरी जाणारा नव्हे. कॉफी पिता पिता तो गोड आवाजात म्हणाला, ‘‘मास्तरांनी सबंध हिवाळा जायचा शब्द दिलाच आहे. मग रोज सकाळी पहिल्यांदा तेच जाऊन वाटेची खबर नगरपालिकेला देतील.’’ सगळे एकदम खाकरले. ठराव झाला. बर्फ वितळेपर्यंत. तेव्हापासून वाटेची खबर रोज वेळेवर पोचते आहे, एवढंच लिहितो.

भाऊजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
विल्हो

ता. क. – पत्राचं खरं कारण: या शनिवारपर्यंत तू कृपा करून आजारी पड. गंभीर नको, पण ‘भावाला बघायचंय’ अशी तार करण्याइतपत. तुर्कूला येऊन तुझ्या शेगडीपाशी बसेन आणि बर्फ वितळला की लगेच परतेन. शब्द मोडल्याचं पाप लागणार नाही, बहिणीपुढे ठराव कसला?

ता. क. २ – आजार संसर्गाचा निवड. नाहीतर साइमी सोबत यायला निघेल.

ता. क. ३ – वन्सं, नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. यांना सर्दी झाल्यापासून वाटेची खबर रोज मीच देते. त्यांचा कोट, त्यांची टोपी, आणि अंधारात कोण बघतंय? पायांची काळजी करू नका. मी सायकलवर बसतच नाही. हातात धरून चालत जाते, पाय छान गरम राहतात. बर्फावर चाकाची रेघ उमटते, तेवढी गावाला पुरते. आणि आजारी पडायचंच असेल, तर तार माझ्या नावाने करा. – साइमी